दीड किलोच्या आत

"वजनाचं मला शिकवू नका!" आर्विड टोलेफ्सरूडने टेबलावर असा हात आपटला, की वाचनालयाच्या तळघरात बसलेल्या समस्त मंडळींची कॉफी कपाबाहेर आली. "एकतीस वर्षं गव्हाच्या कोठारावर, भुईकाट्याशेजारी काढलीत मी. ट्रकच्या ट्रक तोललेत! तुमची ही पुठ्ठ्याची रॉकेटं म्हणजे काय हो?"

झालं! रॉकेट क्लबचा जुना काटा मागच्याच महिन्यात वारला होता. शनिवारच्या स्पर्धेसाठी नवा निवडायचं लचांड कुणालाच नको होतं. सगळ्यांनी इतक्या तातडीने टाळ्या वाजवल्या, की आर्विडला आपला सत्कारच झाल्यासारखं वाटलं.

क्लबच्या अध्यक्ष मार्लिस वोलरबाई मात्र शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या टाळ्यांवर भागवणाऱ्या नव्हत्या.

"आर्विड, एकच ध्यानात ठेवा. प्रत्येक रॉकेट दीड किलोच्या आत हवं. एक ग्रॅम वर गेलं तर सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि ती आपल्याकडे नाही. वजनात घोळ झाला तर स्पर्धा रद्द! माणसं चारशे मैलांवरून येतायत."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा."

पुढचे तीन दिवस आर्विड कॉम्प्युटरसमोरून हलला नाही. काटा जितका बारीक तितका चांगला, असा त्याने स्वतःपुरता नियम ठरवला आणि ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा, काचेच्या झाकणाचा काटा मागवला. शुक्रवारी संध्याकाळी तो आला. आर्विडने त्याच्यावर पोस्टाचं तिकीट तोललं. लग्नाची अंगठी तोलली. खिडकीत मरून पडलेली माशी तोलली.

"बर्नाडीन, ये, ये! माझ्या मिशीच्या एका केसाचं वजन बघ!"

बर्नाडीन, म्हणजे त्याची बायको, हात पुसत आली. "छान आहे. आणि जास्तीत जास्त किती पेलतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे रॉकेट पेलतो का?"

आर्विडने खोका उलटा केला. खोक्यावर लिहिलं होतं, पन्नास ग्रॅम. रॉकेटचं नुसतं नाकाडंच त्याच्या दुप्पट भरायचं!

"आर्विड," बर्नाडीन शांतपणे म्हणाली, "ह्याच्यावर तोलता येईल अशी ह्या घरात एकच गोष्ट आहे. तुझी अक्कल."

हे मात्र आर्विडला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. फक्त तीही तोलली तर आकडा दिसेल का, ह्याची त्याला शंका होती.

सकाळी तो बर्नाडीनचा स्वयंपाकघरातला काटा काखेत मारून मैदानावर हजर झाला. मैदान म्हणजे नुकतं कापलेलं गवताचं रान. चाळीस माणसं, चाळीस रॉकेटं आणि नॉर्थ डकोटाचा वारा. पहिलं रॉकेट चार फूट उंच. काट्यावर उभं केलं आणि आकडे नाचायला लागले. तेराशे नव्वद! चौदाशे ऐंशी! पंधराशे बारा!

"आर्विड, ह्यातला एक कुठला तरी निवडा!" मार्लिसबाई ओरडल्या.

"वारा निवडू देत नाहीये, बाई!"

मग बर्नाडीनची गोधडी आणली. चार जणांनी चार कोपरे धरून आडोसा केला. वाऱ्याला तेवढंच हवं होतं. गोधडीचं झालं शीड, चौघं निघाले दक्षिणेला, रॉकेट आडवं, आणि काटा उडून थेट कॉफीच्या पिंपात! बुडताना त्याने शेवटचा आकडा दाखवला. शून्य.

शेवटी मार्लिसबाईंनी घोड्यांचा रिकामा ट्रेलर आणून उभा केला. आत वारा नव्हता. पण आता काटाही नव्हता.

"दाजी, मी आहे ना!" बर्नाडीनचा धाकटा भाऊ ड्वेन पुढे झाला. त्याच्या पिकअपमध्ये मासे तोलायचा लटकता काटा कायम असायचा. ह्याच काट्यावर त्याने तोललेल्या अकरा पौंडांच्या वॉलआय माशाचा फोटो गावच्या कॅफेत बारा वर्षं लटकत होता, आणि त्या फोटोखाली बसून आर्विडने बारा वर्षं ड्वेनचं तेच ते कौतुक ऐकलं होतं. मेव्हण्याचे उपकार घ्यायचे म्हणजे जिवावर आलं. पण इलाज काय?

काटा ट्रेलरच्या आढ्याला टांगला. आर्विडने चष्मा पुसला, आवाज खाली घेतला आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायला सुरुवात केली.

"सोळाशे दहा. बाद!"

"सोळाशे साठ. बाद!"

"पंधराशे नव्वद. बाद!"

दहावं रॉकेट बाद झाल्यावर रांगेत कुजबुज सुरू झाली. विसाव्याला आरडाओरडा. मार्लिसबाईंचं स्वतःचं रॉकेटही बाद झालं, तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखा झाला. वास्तविक एकामागून एक सगळीच बाद होतायत म्हटल्यावर एखाद्याला शंका आली असती. आर्विडला आली ती एवढीच, की हल्ली लोकांना रॉकेटं बांधताच येत नाहीत!

"मी घरी तीनदा तोललंय," ओरेस्ट ह्नातिउक म्हणाला. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ सरहद्दीपलीकडून, सस्कॅचवानहून पहाटे निघून आला होता. "बरोबर चौदाशे भरलं होतं."

"घरचे काटे घरच्यांच्या बाजूने बोलतात, ओरेस्ट!" आर्विड म्हणाला. वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढच्या दोघांनाही त्याने तेच ऐकवलं.

ओरेस्ट बिचारा कोपऱ्यात जाऊन बसला. त्याने रंग खरवडला. पॅराशूटचा दोर बारीक केला. तरी भागेना, तेव्हा तोल राखायला नाकाड्यात भरलेली मातीही काढली. पुन्हा तोललं. चौदाशे पंच्याण्णव!

"पास!" आर्विडने आनंदाने सही ठोकली. दिवसातलं पहिलं पास रॉकेट! सगळे बघायला धावले.

रॉकेट सुटलं. चाळीस फूट सरळ गेलं. मग नाक हलकं झालेल्या त्या रॉकेटने तिथेच मान वळवली आणि आडवं होऊन लोकांच्या डोक्यांवरून सूं सूं करत आलं. चाळीस माणसं एकदम गवतात पालथी! कुणालाही लागलं नाही. रॉकेट गेलं ते सरळ जेवणाच्या टेबलावर, आणि बर्नाडीनने भाजून आणलेल्या रुबार्बच्या पायमध्ये, म्हणजे आंबट देठांच्या गोड पेस्ट्रीमध्ये, पंखांपर्यंत घुसून थांबलं.

गवतातून पहिली उठली ती बर्नाडीन. तिने पायकडे पाहिलं. मग आर्विडकडे पाहिलं. मग खाली सांडलेल्या वस्तू एकेक करून गोळा करायला लागली. पाव, काकड्या, बटरचा न फोडलेला पुडा. तो पुडा हातात आला तशी ती थबकली आणि तडक ट्रेलरकडे निघाली.

"अगं, बटर कशाला?" आर्विड मागून धावला.

तिने पुडा पिशवीत घालून काट्याला टांगला. आकडा आला पाचशे बावीस ग्रॅम.

"पुड्यावर काय लिहिलंय? मोठ्याने वाच."

"चारशे चोपन्न," आर्विड पुटपुटला.

"आणि पिशवी फुंकरीने उडते. मग एक तर डेअरीवाल्यांना दानधर्माची हुक्की आलीय..." बर्नाडीन सावकाश वळली. "ड्वेन!"

ड्वेन टोपीची शिलाई तपासत होता.

"ड्वेन, काय केलंस काट्याला?"

"ताई, फार नाही गं. किलोचं वजन टांगून काट्याला 'हा एक किलो' असं शिकवायचं असतं ना, तिथे मी जरा... किलोपेक्षा कमीचं टांगलं."

"किती कमी?"

"तेरा टक्के. माशांसाठी गं! कोण बघायला येतंय म्हटलं!"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तो वॉलआय साडेनऊचाच!" आणि सगळा ट्रेलर हसण्याने हलला. बारा वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती आर्विडच्या दारात आली होती. तो छाती काढून म्हणाला, "मला सुरुवातीपासूनच संशय—"

"तुला संशय?" बर्नाडीन म्हणाली. "वीस लोकांना बाद करेपर्यंत? एकतीस वर्षं वजनात काढलीस म्हणे! अरे, तिथे चिठ्ठी मशीन छापायचं. तू ट्रकवाल्याला 'आणखी थोडा पुढे घे' म्हणून हात दाखवायचास!"

आता सगळे आर्विडला हसायला लागले. ड्वेन सर्वांत जोरात. आर्विडही हसला, कारण खरंच होतं. हात मात्र तो फार चांगला दाखवायचा.

तो ओरेस्टजवळ गेला. म्हातारा पायमधून आपलं रॉकेट ओढून काढत होता.

"माझी चूक झाली, ओरेस्ट. तुमचा काटा खरं बोलत होता. मातीच्या जागी नवी माती भरून देतो, रंगही मी देतो. पुन्हा उडवाल का?"

ओरेस्टने बोटावरचा रुबार्ब चाटला. "उडवीन. पण सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

प्रश्न उरला होताच. काट्याशिवाय तोलायचं कसं? बर्नाडीनने झाडूचा दांडा मागवला, बरोबर मधोमध दोरी बांधून आढ्याला टांगला. एका टोकाला अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या तीन सीलबंद बाटल्या. दुसऱ्या टोकाला, बाटल्यांच्या वजनाची फिटंफाट करायला, तशाच तीन रिकाम्या आणि त्यांच्यासोबत रॉकेट.

"दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो," ती म्हणाली. "पाणी खाली गेलं तर पास. रॉकेट खाली गेलं तर घरी."

मार्लिसबाईंनी दोनदा तपासलं आणि मान डोलावली. मग भराभर रांग सरकली. पास! पास! मार्लिसबाई पास! नव्या मातीचा ओरेस्ट पास, आणि त्याचं रॉकेट ह्या वेळी असं सरळसोट वर गेलं, की खालून लोकांनी टोप्या उडवल्या. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस रॉकेटं आकाशात जाऊन आली.

चाळिसावं आर्विडचं होतं. हिवाळाभर खपून त्याने ते बांधलं होतं, आणि चकचकीत दिसावं म्हणून त्यावर रंगाचे सात हात दिले होते. त्याने ते हळूच दांड्याला अडकवलं. दांडा क्षणभर आडवा थांबला. मग रॉकेटचं टोक सावकाश, अगदी अदबीने, खाली गेलं.

"घरी," बर्नाडीन म्हणाली.

आर्विडने इकडे तिकडे पाहिलं. मार्लिसबाई निकाल लिहिण्यात दंग होत्या. तो पिकअपच्या आडोशाला ड्वेनजवळ गेला आणि हळूच म्हणाला,

"काय रे, तुझा तो काटा... उलट्या बाजूनेही खोटं बोलू शकतो का?"