उजवीकडे फिरणारा कान

"डोये मिटले का उजवीकडंच फिरजो, पोरी. डावीकडं नाही."

सासू रुक्माबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या आरतीला दिलेली ही शिकवण शेवंतानं आयुष्यभर पाळली. ती जुनवानीच्या कानाच्या दवाखान्यात अशी भोवेल, हे तिच्या नवऱ्याच्या, हेमराजच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांची मुलगी गुंजन कुम्हारीला सासरी होती. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस भरत आले होते. ती सुखरूप सुटेस्तोवर रोज पहाटे पिंपळाला प्रदक्षिणा घालायचा शेवंताचा नेम होता. परवा फेरीतच तिला गरगरलं आणि ती पाराला धडकली. हेमराज म्हणाला, नेम बंद. ती म्हणाली, नेमाचा काय दोष, कान दाखवू. मग प्लांटमध्ये रजा टाकून त्यानं तिला आणलं.

तपासणारी नीतू मोठी तत्पर. तिनं शेवंताला खोलीच्या मधोमध उभं केलं, हात समोर धरायला लावले. "आंटी, आँखें बंद, और एक ही जगह कदमताल."

डोळे मिटून जागच्या जागी पाय उचलायला लागली तसे शेवंताचे ओठ हलू लागले आणि पावलं उजवीकडे वळली. एक गिरकी पुरी झाली, दुसरी सुरू झाली.

हेमराजनं ओळखलं. ही चक्कर नव्हे, ही आरतीनंतरची प्रदक्षिणा. तो बोलायला उठला, तर नीतूनं त्यालाच दटावलं, "अंकल, चुप. आवाज़ से आंटी को दिशा पता चल जाएगी." पावलं उजवीकडे वळतात म्हणजे उजवा कान कमजोर, असं लिहून तिनं खातरीसाठी पुन्हा चालवलं. शेवंता अधिकच भक्तिभावानं फिरली.

मग तिला आडवं करून डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. त्यात म्हणे कॅमेरा होता. कानात गार आणि कोमट पाणी सोडलं. अंधार फिरायला लागला तशी नीतू म्हणाली, बोलत राहा, भाज्यांची नावं सांगा. दोडकी झाली, भेंडी झाली, आणि कांद्याशी येऊन शेवंतानं ओठ घट्ट मिटले. चातुर्मासात ती कांद्याचं नावही घेत नसे. आंटीची शुद्ध गेली असं वाटून नीतू घाबरली, आणि हातातली पाण्याची नळी हेमराजच्या मांडीवर रिकामी झाली.

पाण्याचा निकाल आला. दोन्ही कान सारखे. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. पाणी एक सांगतंय, पावलं दुसरंच. म्हणजे दोष मेंदूत असेल, रायपूरला डोक्याचा फोटो काढून आणा.

भिजल्या विजारीत हेमराजचा धीर सुटला. "मॅडम, मेंदू जागेवर हाय तिचा. ते प्रदक्षिणा घालून राहिली होती. डोये मिटले का ते फिरतेच. मी मघापासून सांगून राहिलो, कोणी ऐकतच नाही."

शेवंता संकोचून म्हणाली, "मंग देवाचं नाव घेऊन नुसतंच कसं उभं राहावं?"

हसू आवरत बाईंनी तिला बसवलं, मान डावीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं. शेवंतानं हेमराजचं मनगट आवळलं. तिची बुबुळं लटलट उडत होती. डाव्या कानातले बारीक खडे जागचे हलले होते. डोकं क्रमानं वळवलं की जागेवर जातील, बाई म्हणाल्या, फक्त आठवडाभर गोल फिरायचं नाही.

शेवंता उठून बसली, पदर सावरला. "मंग राहू द्या खडे. गुंजन सुटली का मंग पाहू."

"अवं, पडशीन पुन्हा."

"पडली तं पडली. नेम नाही मोडत मी."

हेमराजनं समजावलं, दरडावलं, शेवटी गुंजनलाच फोन लावायची धमकी दिली. ती ढिम्म. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले.

"बरं, तुह्या वाटच्या फेऱ्या मी घालतो. झालं? आता झोप."

वैतागून फेकलेलं वाक्य होतं ते. शेवंतानं ते प्रसादासारखं झेललं. "देवानं आयकलं हाय, गुंजनचे बाबा," असं हळूच म्हणून ती निमूट आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला काही आठवण करून दिली नाही. लहानू आणि चिंधू हे प्लांटमधले दोस्त उजाडल्यावर त्याच पारावर गप्पांना बसत. त्यांनी पाहिलं असतं, तर रिटायर होईस्तोवर त्याची सुटका नव्हती. म्हणून उजाडायच्या आतच हेमराज दूध आणतो म्हणाला. दूध ओट्यावर तापलेलंच होतं. शेवंतानं त्यावर झाकण सरकवलं.

त्यानं चपला दारातच काढल्या, तांब्या सदऱ्याखाली धरला आणि कडी न वाजवता तो पिंपळाकडे निघाला.