पात घरी न्यायची नाही

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो नलिनीबाईंचा. कैनाडच्या शाळेत त्यांनी मला वाचायला शिकवलं. पुढे मी डहाणूला कॉलेजात जाऊ लागलो, तेव्हा माझं दुपारचं जेवणही त्यांच्या तिथल्या घरीच असे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. त्या पदवीत बाईंच्या कांद्याच्या पातीचा वाटा मोठा आहे.

मासळीबाजारातली थर्माकोलची खोकी, चिकूचे क्रेट, फुटकी बादली, जे जे माती धरील त्यात बाईंच्या अंगणात पात उभी असायची. शेजाऱ्यांच्या टोपलीत कोंब आलेला कांदा दिसला की बाई तो मागून आणत. "फेकताय काय? जीव आहे त्यात अजून!" पात उपटायची नाही, बोटभर ठेवून कात्रीने कापायची, म्हणजे ती पुन्हा वाढते. वाढायची तीही अशी, की सगळ्या आळीला पुरावी. पण एक काडी कुणाला घरी नेऊ देतील तर शपथ! ज्याला हवी त्याने ओटीवर बसायचं, पीठ पेरलेली भाजी आणि तांदळाची भाकरी खायची, मगच उठायचं.

शेजारच्या हंसाबेन कुरकुरत, "बेन, एक झूडी तरी न्यायला द्या ने! मारे घरे पण चूल छे."

"मग त्या चुलीवर तुमचं रांधा. माझी पात इथेच खायची. बसा."

हंसाबेन बसत. पोस्टमनचीही सुटका नव्हती. "बाई, अजून अर्धी आळी राहिलीय," तो काकुळतीने म्हणे.

"टपाल शिळं होत नाही, भाकरी होते. बस."

मी तर रोजचाच. आणखी भाकरी नको म्हणालो की बाई म्हणत, "तुला विचारलं कोणी?" आणि ती ताटात पडलेली असे.

आळीत त्यांना कंजूष म्हणत. एवढी पात, आणि न्यायला जुडी देत नाही म्हणजे काय! त्यामागे काही कारण असेल, असं मलाही कधी वाटलं नाही.

मला तलासरीला कचेरीत नोकरी लागली, सुनंदाशी लग्न झालं, आई माझ्याकडे राहायला आली. डहाणूच्या खेपा कमी झाल्या. यंदा गेलो, तर हंसाबेननी मला फाटकातच अडवलं.

"भाई, तुझ्या बाईंना समजाव. गुडघे धरलेत, लोकांना बसवणं जमत नाही. आणि कोणी आलं नाही तर चूलच पेटवत नाहीत. चहा-बिस्किटावर दिवस काढतात. यजमान गेल्यापासून एकट्या कधी जेवल्याच नाहीत त्या."

आत गेलो. न कापलेली पात पिवळी पडून खोक्यांवरून लोंबत होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या.

"जेवलास?"

मी वाटेत चारोटीला पोटभर जेवून आलो होतो. "नाही," म्हणालो.

बाई भिंत धरून उठल्या आणि पिठाचा डबा काढला. त्या दुपारी त्याही माझ्याबरोबर नीट जेवल्या.

निघताना मी म्हणालो, "बाई, तलासरीला चला आमच्याकडे."

"मी कुणाकडे पाहुणी जात नाही."

नंतर फोन केला तरी तेच. नाही म्हणायचं आणि फोन ठेवायचा. शेवटी मी पत्र लिहिलं:

ती. बाईंना सा. न.

रविवारी टेम्पो घेऊन येतो. तुमची सगळी खोकी त्यात मावतील. आमच्या मागच्या दाराशी ऊन चांगलं येतं.

पाहुणी म्हणून बोलावत नाही. मी आणि सुनंदा सकाळी कामावर जातो, आई दिवसभर एकटी असते. काल संध्याकाळी आलो, तर तिचं ताट तसंच झाकलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, एकटीला घास उतरत नाही. मी रागावलो तर हसते. तुमच्यासमोर तिचं काही चालणार नाही.

तुमचा विद्यार्थी,
सुरेश