गणेशपुरीत उघडलेलं अंतराळाचं पुस्तक

अख्ख्या भिवंडी तालुक्यात अवकाशयान चालवायची माहिती असलेला माणूस एकच – मी, दीपेश! हसू नका. अंजूरच्या गोदामात मी हेडक्लार्क असलो, तरी निजामपुऱ्यात माझ्या घरी पहिल्या अंतराळवीरांच्या काळातली फ्लाइट मॅन्युअल्स आहेत. यान कसं चालवायचं ते सांगणारी मूळ पुस्तकं. दुर्मिळ!

गेल्या महिन्यात त्यात एका रशियन पुस्तकाची भर पडली. मी ते तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात बायको डोकावली.

"फ्रिजचं आहे का हो?"

"निशा! यानाचं आहे ते!"

"मग या चित्रात हे दार कसलं? आणि आत कप्पे? तुम्हाला रशियन येतं?"

एक अक्षर येत नव्हतं! खरंच फ्रिजचं निघालं तर?

उपाय निशानंच काढला. गणेशपुरीला तिची आत्या राहते, आक्का. तिथं आश्रमात देशोदेशीची माणसं येतात. रविवारी एसटीनं पोचलो, तर आक्कानं नवशाच्या चहाच्या टपरीवर एक रशियन बाई बसवूनच ठेवली होती. लुदमिलाबाई. पांढरी साडी, ताडासारखी उंची आणि फर्मास हिंदी!

बाईंनी मधलंच एक पान उघडलं, डोळे विस्फारले, उभ्या राहिल्या आणि खणखणीत रशियनमध्ये वाचू लागल्या. काय तो आवाज! जणू पोथीच वाचतायत! वज्रेश्वरीच्या देवळाला निघालेली माणसं थबकली. कुणी चपला काढल्या, कुणी हात जोडले. आक्कानं तर पानाला हळदकुंकू लावलं!

"आक्का, अहो, दुर्मिळ पुस्तक आहे!"

"म्हनून त लावलं, जावयबापू! गप बसा."

कुणीतरी नारळ फोडला. मी पुस्तक ओढायला गेलो, तर नवशानं माझा शर्ट धरला. "शेट, मधी उठायचं न्हाय!"

वाचन संपलं. मी घाईघाईनं विचारलं, "फ्रिज का तो नहीं है ना?"

"नहीं, नहीं! स्पेस का है। बहुत पुराना!"

मी नाचायचाच बाकी होतो! तेवढ्यात आक्का हात जोडून म्हणाली, "बाईला इचारा, लिवलंय काय?"

लुदमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "यान में संडास कैसे जाना है।"

जोडलेले हात कुठं ठेवावेत, कुणाला कळेना. मी परतीची एसटी शोधू लागलो.

आणि निशानं विचारलं, "पण तिथं तर सगळं तरंगतं ना हो?"

"त मंग खाली पडतं कसं?" आक्का पुढे सरकली.

"गिरता नहीं! हवा से खींचते हैं।"

"आयो!"

झालं! प्रश्नांची नुसती झुंबड! नवशाचा चहा उतू गेला. मी नारळाची वाटी हवेत फिरवत वजनरहित अवस्था समजावली, आणि माणसं ऐकत होती! निशासुद्धा, हनुवटीवर हात ठेवून. परतीच्या एसटीत पुस्तक तिच्या मांडीवर होतं. "चंद्राचं पण आहे का हो तुमच्याकडे?" तिनं हळूच विचारलं. माझ्या पुस्तकांबद्दल, लग्नानंतर प्रथमच!

चार दिवसांनी आक्काचा फोन आला. महिला मंडळाला माझं भाषण हवं होतं! मी उड्डाण, कक्षा, पुनरागमन असं सगळं आरशासमोर घोटलं. रविवारी हॉल गच्च भरला होता. मी घसा खाकरला.

"भगिनींनो, पृथ्वीचा निरोप घेऊन यान जेव्हा आकाशात झेपावतं–"

"जावयबापू," पहिल्या रांगेतून आक्का ओरडली, "ते झेपावनं ऱ्हाऊ द्या. आदी त्या पानावं या!"