नासलेल्या दुधाची सात नावं

दूध सगळ्याच देशांत नासतं. मागासलेल्या देशात ते नासलं की बाई कपाळाला हात लावते, आणि पुढारलेल्या देशात त्याला नाव देतात. देशादेशांतला मूलभूत फरक तो एवढाच. ब्राझील हा देश या हिशेबानं किती पुढं गेला आहे, हे आमच्या खडकओढा गावाला (विट्याहून एस.टी. असली तर जवळ, नसली तर लांब) सत्याहत्तर साली कळलं. त्या वर्षी आमच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन हंबीरराव तिकडं जाऊन आले. मी संस्थेचा सचिव असल्यामुळं पुढचं सगळं जवळून पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी अनुमोदन दिलं.

हंबीरराव गेले होते खरं म्हणजे ऊस बघायला. ब्राझीलमध्ये उसाच्या दारूवर मोटारी चालतात, अशी बातमी होती. दारूवर चालणारे ड्रायव्हर आपल्याकडं पुष्कळ असले तरी मोटारी नव्हत्या, म्हणून साखर कारखान्याच्या मंडळींचा अभ्यासदौरा निघाला. हंबीररावांचे मेहुणे कारखान्यात संचालक होते, तेव्हा हंबीररावांचा उसाचा अभ्यास गृहीत धरण्यात आला.

पण हंबीरराव पडले माळकरी. ब्राझीलमध्ये सकाळी मांस, दुपारी मांस, आणि पाहुणा रुसला तर रात्री जास्त मांस. अख्खा दौरा या माणसानं चीजवर काढला. बाकीची मंडळी ऊस बघून विसरली, हंबीरराव मात्र ज्ञान घेऊन परतले. पोटातून आलेलं ज्ञान पक्कं असतं.

मारुतीच्या देवळात सभा भरली. हंबीरराव उभे राहिले.

"ब्राझीलचा मानूस," ते म्हणाले, "एक चीज खाऊन गप्प बसत न्हाई. पयलं मिनास. पांढरं, वलं, ताजं. त्येच ठिवून मुरवलं की मुरल्यालं मिनास, ते दुसरं. तिसरं प्रातो, पिवळं धमक. प्रातो म्हंजे ताट. चौथं कोआल्यो. ते काडीला टोचून निखाऱ्यावर भाजत्यात आन् दर्याच्या काठाला इकत्यात. खाताना दाताखाली कुंई कुंई वाजतं."

"जित्तं असतंय का काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाचवं रेकेजाँव. ते पावाला फासायचं. सहावं लोण्याचं. सातवं रेनो, लाल गोळा, डब्यात घालून सणासुदीला देत्यात. आन् मिनासवर पेरूची वडी ठिवून खाल्ली की..." इथं त्यांनी डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवली.

नानासो हे आमचे विरोधी पक्ष. ते उठून म्हणाले, "आवं चेअरमन, म्हंजे हे खरवसच की!"

हंबीरराव शांतपणे हसले. परदेश पाहिलेला माणूस असाच हसतो. "नानासो, तिकडं गोठ्यात मी काय बघितलं ठावं हाय? गीर गाय. आपली! आपल्या देशातनं नेल्याली. गाय आपली आन् चीज त्येंचं, हे चालायचं न्हाई."

यावर नानासोंनीसुद्धा मान डोलावली. (आमच्या गावात गीर गाय नव्हती, सगळ्या म्हशी होत्या, परंतु देशाभिमानाच्या प्रश्नात जनावराची जात पाहू नये.) ठराव एकमतानं पास झाला. नानासोंना चीज समितीवर घेतलं, त्यामुळं विरोधी पक्षाचा प्रश्नही सुटला.

पहिली अडचण विरजणाची आली. चीज धरायला वासराच्या पोटातला एक रस लागतो, असं हंबीररावांनी दबल्या आवाजात सांगितलं. माळकऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मारुतीनंसुद्धा ऐकलं असावं. मग रसाऐवजी लिंबू वापरावं, अशी दुरुस्ती मी सुचवली आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. भट्टीचं काम भाऊसोंकडं गेलं. भाऊसोंचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं आणि ते जत्रेसाठी गावी आले होते. "सोनं आटिवतोय, दूध काय मोठं लागून गेलं?" असं त्यांनी विचारलं, आणि कुणाकडंच उत्तर नसल्यामुळं ते तज्ज्ञ ठरले.

प्रकार सातच्या सात तयार झाले, हे मी अभिमानानं नमूद करतो. दूध फाडून फडक्यात टांगलं, ते मिनास. टांगलेलं काढायचं राहून गेलं, ते मुरलेलं मिनास. हळद घातली की प्रातो. बाभळीच्या काडीला टोचलं की कोआल्यो. (वाजलं नाही, परंतु खाणारे वाजले.) जे धरलंच नाही ते रेकेजाँव. डालडा चोळला ते लोण्याचं, आणि कुंकू लावून डालड्याच्याच रिकाम्या डब्यात बसवलं ते रेनो. शंभर टक्के सभासदांनी चव घेतली. त्यांपैकी नव्वद टक्क्यांनी पुन्हा मागितलं नाही, यावरून एकाच घासात पूर्ण समाधान होतं हे सिद्ध झालं. उरलेल्या दहा टक्क्यांत समितीचे सदस्य होते.

एवढ्या प्रकारांना दूध फार लागतं. म्हणून दुसरा ठराव झाला: सकाळ-संध्याकाळचं सर्व दूध संस्थेत घालावं, घरी दूध ठेवणं हे सहकारविरोधी कृत्य समजण्यात येईल, आणि तसं करणाऱ्याची पेंड बंद होईल. पेंड संस्थेकडूनच मिळत असल्यामुळं सभासदांमध्ये सहकाराची भावना एकदम वाढली.

याच सुमारास रंगुबाईचा अर्जुना पलटणीतून रजेवर आला. रंगुबाई म्हणजे हंबीररावांची भावकीतली चुलती. दारात एक म्हैस, घरात सून हरणाबाई आणि दोन वर्षांची नात. अर्जुनानं बूट काढले, लेकीला मांडीवर घेतलं आणि हरणाबाईनं पुढं ठेवलेल्या कपात डोकावला. चहा काळा होता.

"म्हस आटली व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "म्हस झकास हाय. दूध ब्राझीलला जातंय."

"आन् पोरीला?"

हरणाबाईनं चुलीवरच्या भांड्याकडं बोट केलं. पोरीला भाताची पेज चालली होती. रंगुबाईनं मधे तिला मिनास भरवून पाहिलं, ते पोरीनं आजीच्याच पदरावर काढलं.

"आई," अर्जुना म्हणाला, "आमच्यात बर्फात पोस्टवरबी दुधाचा चाय मिळतो गं. पावडरीचा का हुईना." तो रागावला नाही. त्यानं तो काळा चहा घोटाघोटानं संपवला आणि लेकीच्या हडकुळ्या दंडावरनं बोट फिरवत बसला. रंगुबाईला त्यानं आरडाओरडा केलेला परवडला असता. ती उठली, पदर खोचला आणि शेजारच्या दारात गेली. तिथून पुढच्या. आळीत काय बोलणं झालं याची नोंद माझ्याकडं नाही, बायका सभेला नोटीस काढत नाहीत.

चार दिवसांनी पुण्याहून दूध खात्याचे मोठे साहेब प्रयोग पाहायला येणार होते. गेटाला पताका लावल्या, सात प्रकार सात ताटांत मांडले. आणि त्या सकाळी संस्थेत दूध आलं नाही. एक थेंबही नाही. मी धावत आळीत गेलो, तर दारादारात रेडकं म्हशींना लुचत होती. बायका कौतुकानं बघत उभ्या होत्या.

"ह्ये काय?" मी ओरडलो. "ठरावाचा भंग!"

"कुठं हाय भंग?" रंगुबाई म्हणाली. "घरात दूध ठिवायचं न्हाई म्हनलासा. न्हाई ठिवलं. रेडकं तुमच्या ठरावात हाईत का?"

मी ठराव आठवून पाहिला. रेडकं नव्हती.

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी हार घेतला, सात ताटांकडं आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "वा. पण आधी चहा होऊन जाऊ द्या. दूध जरा जास्त घाला, खेड्यातलं दूध म्हणजे काय विचारता!"

हंबीररावांचा चेहरा रेनोसारखा झाला. भाऊसोंनी सुचवलं, रेकेजाँव ढवळून घालावं. घालून पाहिलं. चहा वर आणि ब्राझील खाली, असं झालं. साहेब घड्याळ पाहू लागले.

आणि मग दारात रंगुबाई दिसली. डोक्यावर चरवी, मागं सगळी आळी.

"काकी, आलीस! दे हिकडं," हंबीरराव हात पुढं करत म्हणाले.

"देती की. आदी ठराव मोड."

"काकी, सायेब बसल्यात गं! गावाची अब्रू हाय."

"अर्जुनाची पोर पेजंवर हाय. ती कुनाची अब्रू रं, हंबीरा? सांजचं दूध घरात ऱ्हाईल, पेंड चालू ऱ्हाईल. लिव्ह आन् सही कर. न्हाईतर ही चरवी हितंच वतती."

तिनं चरवी खरोखरच खाली घेतली आणि तिरकी केली. एक धार जमिनीवर पडली. हंबीररावांनी उभ्या उभ्या, माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. नानासोंनी अनुमोदन दिलं. रंगुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून अर्जुनानं कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. तेव्हा कुठं चहा झाला.

साहेब दोन कप प्याले. चीज त्यांनी खाल्लं नाही, पण सातही प्रकारांची नावं विचारून घेतली आणि 'प्रयोग अत्यंत यशस्वी, तूर्त स्थगित ठेवावा' असा शेरा दिला. त्या संध्याकाळी अर्जुनाची पोर वाटीभर दूध पिऊन ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन आळीभर हिंडली.

आता निवडणुकीत हंबीरराव पडणार, हे उघड होतं. वार्षिक सभेला माणूस माणसाला चिकटून बसला होता. नानासोंनी अविश्वासाचं भाषण पाठ करून आणलं होतं. हंबीरराव उठले आणि एवढंच म्हणाले, "फुडल्या साली डेन्मार्कला लोनी बघायला जायाचं हाय. ह्या खेपंला सभासदास्नी न्यायचं, असा इचार हाय."

नानासो खाली बसले. भाषण खिशात गेलं. निवडणूक बिनविरोध झाली, आणि हार घालायच्या रांगेत रंगुबाई तिसरी होती. हार घालता घालता तिनं हळूच विचारलं, "हंबीरा, तिकडं बायकास्नीबी नेत्यात का रं?"

वाचकहो, तुम्ही खडकओढ्याला मनमुराद हसलात, ते योग्यच झालं. आमचे लोक आहेतच तसे. सचिव या नात्यानं एक गोष्ट फक्त कानावर घालतो: डेन्मार्कच्या यादीत एक जागा अजून कोरी आहे, आणि माणूस आपला असला तर सभासदत्वाची अट शिथिल करता येते. हसू आवरलंत ते बरं केलंत. पासपोर्टच्या फोटोत तसाच गंभीर चेहरा लागतो.