खऱ्यासारखी साक्ष

हंबीररावांची जीप शिवाजी पेठेत शेजारच्या संयोगिताबाईंच्या नव्याकोऱ्या भिंतीवर आदळली आणि प्रकरण कोर्टात गेलं. भिंत पायापासून पुन्हा बांधून द्या, असा बाईंचा दावा. साक्षीच्या तारखेआधीच हंबीरराव न्हाणीत घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. साल २००८. घरूनच व्हिडिओवर साक्ष द्यायला कोर्टाने मोठ्या हौसेने परवानगी दिली.

त्यांचे वकील श्रीशैल यांना मात्र धास्ती बसली, कारण अशिलाच्या तोंडाला लगाम नव्हता. त्यांनी सायबर कॅफेतून कॉम्प्युटर आणवून हंबीररावांच्या घरी मांडला आणि आठवडाभर सराव लावला. व्हिडिओच्या पलीकडे, वकिलांच्या ऑफिसात, त्यांचा कारकून आकाराम काळा कोट घालून जज्ज व्हायचा. हंबीररावांनी म्हणायचं एवढंच, "त्या दिवशी मी जीप घेऊन हुपरीला गेलतो." खरं काय घडलं, हे विचारायच्या भानगडीत वकीलसाहेब पडले नव्हते. ते ठाऊक नसलं की भांडायला बरं पडतं, असं त्यांचं मत.

सराव खरा वाटावा म्हणून आकाराम रोज दरडावायचा, "ही खरी साक्ष आहे. खोटं बोलाल तर शिक्षा होईल."

तारीख उजाडली. साक्षीदाराला कोणी पढवू नये म्हणून खोलीत दुसऱ्या कोणी थांबायचं नाही, असा नियम होता. बेलीफ दारात बसला. पडद्यावर जज्जसाहेब दिसले.

"ही खरी साक्ष आहे. खोटं बोलाल तर शिक्षा होईल."

"व्हय व्हय, पाठ हाय," हंबीरराव हसले. "वकीलसायेब, आज नवा माणूस आणलासा व्हय? दारात बेलीफबी बसीवलासा! ह्यो जज्ज लई भारी हाय. आकाराम जज्ज वाटतच न्हवता."

कोर्टात श्रीशैल ताडकन उभे राहिले. "अहो हंबीरराव..."

"वकीलसाहेब, साक्षीदाराला सूचना द्यायची नाही. बसा," जज्ज म्हणाले. "आकाराम कोण?"

"ते ऱ्हाऊ द्या. मी हुपरीला गेलतो म्हणायचं न्हवं? रोज तेच म्हणून तोंड दुखाय लागलंय."

"मग खरं काय घडलं?"

हंबीररावांना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"आता हितं आपलीच माणसं हाईत म्हणून सांगतो. जीप इजयसिंग चालवीत हुता. संयोगितावैनींचा मालक. त्यानं घरात सांगून ठेवलंय, गाडी झकास येती म्हणून, पर येत कायबी न्हाय. शिकीव म्हणून माझ्या मागं लागलेला. ब्रेक समजून भलतंच कायतरी दाबलं आणि घातली की बायकूच्याच भिंतीत. वैनी भाईर येस्तवर ह्यो मागल्या दारानं पसार, आणि जीपपाशी मी."

कोर्टात पहिल्या बाकावर बसलेल्या संयोगिताबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. विजयसिंह छताचा पंखा न्याहाळू लागले. टंकलेखकाने शब्द न् शब्द उतरवून घेतला.

"साहेब, मी दावा मागं घेते," बाई म्हणाल्या. "ह्यांचं काय ते घरी बघते."

पडद्यात नुसते जज्जच मावत होते. हंबीररावांना फक्त आवाज ऐकू आला.

"वैनींचा आवाज कोण काढतंय? हुबेहूब की," ते खूश होऊन म्हणाले. "पर वकीलसायेब, एक आत्ताच सांगून ठिवतो. खऱ्या दिवशी ह्यातलं कायबी मी बोलणार न्हाय. दोस्ताला शब्द दिलाय."