धुरी बँडमध्ये का गेला?

रघुनाथ धुरीला कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं की तो जागच्या जागी थांबायचा. विचारणाऱ्याच्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते आधी बघायचा आणि मग आवाज खाली आणून म्हणायचा, "कित्याक इचारतंस?"

मुलुंडच्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीत तो माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. कारखान्यातही आमची मशिनं शेजारी शेजारी. म्हणजे जागेपणीचा बहुतेक वेळ हा माणूस माझ्यावर संशय घेत असायचा. बायको देवगडकडे गावी, आंब्याची कलमं सांभाळायला. इथे हा एकटा. आमच्या घरून पुरणपोळी गेली की ताटली हातात घेण्याआधी तो माझ्या बायकोला विचारायचा, "काय काम होतां?" काही काम नाही म्हटलं की त्याचा संशय पक्का व्हायचा. पुरणपोळी मात्र खायचा.

मासळीबाजारात तर त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. कोळीण ज्या माशाचं कौतुक करील तो शिळा आणि ज्याच्याबद्दल गप्प बसेल तो ताजा. "बरो मासो ती आपल्या घराक नेतली, माका कित्याक देतली?" कोळणी काय कमी होत्या? हा लांबून दिसला की त्या ताज्या पापलेटांची तोंडभरून स्तुती करायच्या आणि कालच्या बांगड्यांबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. ते बांगडे घेऊन धुरी विजयी चेहऱ्याने परत यायचा. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या खिडक्या बंद असायच्या.

"हेच्यात काय तरी गोम आसा," हे त्याचं पालुपद. पाणी वेळेवर आलं, गोम आहे. फोरमन हसून बोलला, मोठी गोम आहे.

असा हा माणूस एका वर्षी कंपनीच्या पाइप बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला, तेव्हा मात्र गोम असल्याचा संशय आम्हा सगळ्यांना आला.

त्याला कारण होतं. बँड होता सिक्युरिटी खात्याचा. काखेत पिशवी दाबून ती विलायती पुंगी फुंकणारे, ड्रम बडवणारे, सगळे गेटवरचे वॉचमन. सव्वीस जानेवारीला फेट्यात पिसं खोचून ही मंडळी गेटपासून निघून कॉलनीतून मैदानापर्यंत परेड करायची. त्या वर्षी ड्रमवाले कमी पडले, म्हणून कामगारांपैकी कुणाला यायचं असेल त्याने यावं, असं सांगण्यात आलं. शहरातल्या गिरण्या बंद पडत होत्या आणि आमच्याकडेही युनियन आणि मॅनेजमेंट एकमेकांवर डोळे वटारून होते. अशा दिवसांत सिक्युरिटीच्या बँडमध्ये कोण जाणार? धुरी गेला. एकटा धुरी.

"साहेबांचा माणूस झाला तो," आमच्या युनियनचा सावंत म्हणाला. "आता कॅन्टीनमध्ये जरा सांभाळून बोला, यार."

झालं. धुरी चहाचा ग्लास घेऊन आला की टेबलावरचं बोलणं एकदम क्रिकेटवर जायला लागलं. ज्याने जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्याकडे आता सगळं कॅन्टीन तिरक्या डोळ्यांनी बघत होतं. पहिल्यांदा मला गंमत वाटली. पुढे तो भिंतीकडे तोंड करून एकटाच चहा प्यायला लागला, तेव्हा वाटेनाशी झाली.

सावंतने मला कामाला लावलं. "शेजारी राहतोस ना? काढ की त्याच्या पोटातलं."

मी सरळच विचारलं. "धुरी, बँडमध्ये का रे गेलास?"

"कित्याक इचारतंस?"

"सहज रे."

"सहज कोण काय इचारता? सावंतान पाठवल्यान मा तुका?"

या माणसाचा संशय कधी नव्हे तो खरा ठरला, आणि नेमका माझ्याच बाबतीत.

मग मी कॅन्टीनच्या मागे बँडची तालीम बघायला जाऊ लागलो. ड्रम मेजर, म्हणजे हातात काठी घेऊन बँडच्या पुढे चालणारा, होता शिंदे, लष्करातून निवृत्त झालेला हवालदार, मिशीला रोज तेल लावणारा. धुरीचा हात खरं तर तयार होता. लहानपणापासून तो आणि त्याचा थोरला भाऊ गावी शिमग्यात देवाच्या पालखीपुढे ढोल वाजवायचे. पण तो तयार हातच आता आडवा येत होता. परेडचा ठेका नाकासमोर चालणारा. धुरीचा हात मध्येच लाडात येऊन नाचायला लागायचा.

"अरं ए धुरी!" शिंदे गरजायचा. "ह्यो तुझा शिमगा न्हाय, परेड हाय! त्या दिवशी एक ठोका चुकलास तर भर रस्त्यात ड्रम काढून घेईन!"

"होय साहेब," धुरी म्हणायचा. धुरीच्या तोंडून बिनतक्रार "होय साहेब"! घरी तो उलट्या पाटावर जुनी रबरी चप्पल ठेवून सराव करायचा. तालीम संपली की शिंदेला न चुकता विचारायचा, "रस्तो तोच ना, साहेब? खालच्या चाळींवरसून?"

"रूट विचारतो," सावंत म्हणाला. "बघ, काहीतरी शिजतंय."

खालच्या चाळींत धुरीचा तो थोरला भाऊ राहायचा, हे मला माहीत होतं. एकदा दोघांच्या सामाईक कलमाच्या आंब्यांची पेटी भावाने गावाहून आणली. वरचे आंबे बरे आणि खालचे किडके का, असं धुरीने विचारलं, आणि बोलणं तुटलं ते वर्षानुवर्षं तुटलेलंच राहिलं. बँडच्या तालमी सुरू होण्याआधी, दिवाळीत, भावाची एक बाजू लुळी पडली. सगळी कॉलनी भेटून आली. धुरी त्या रस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा.

"जा ना रे एकदा," मी म्हटलं होतं.

"त्येणा बोलवल्यान नाय," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

परेडच्या सकाळी मी आणि सावंत खालच्या चाळींपाशी उभे होतो, काही भानगड झालीच तर डोळ्यांदेखत व्हावी म्हणून. पुढे छाती काढून शिंदे, मग पुंग्या, मग ड्रम. धुरी कडेला होता. फेटा, कडक इस्त्री, बुटांवर पांढरे पट्टे. ठेका अगदी बिनचूक. तळमजल्यावरच्या दारात त्याचा भाऊ खुर्चीत बसलेला होता, मांडीवर चादर.

त्या दारासमोर धुरी थांबला.

आमच्या कोकणात पालखी बोलावण्याची वाट बघत नाही. भांडण असो, अबोला असो, ती प्रत्येकाच्या दारी जाते, आणि तिच्याबरोबर ढोलवाला जातो. त्याला कुणी का आलास म्हणत नाही. दारात पाय थांबतात, ठेका बदलतो. धुरीचे पाय थांबले आणि ठेका बदलला. परेडचा सरळ मार्च गेला आणि त्या इस्त्रीच्या कपड्यांतून शिमगा वाजायला लागला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हे त्याने ठरवलेलं नसावं. हातांनी परस्पर केलं असावं.

मागचा मोठा ढोलवाला त्याच्या पाठीवर आदळला. पुंग्यांचा सूर चिरकला. शिंदे गर्रकन वळला, लालबुंद. त्याने धुरीकडे बघितलं, खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं, आणि हातातली काठी उंच धरून ओरडला, "कदम... ताल!"

सगळा बँड त्या दारासमोर जागच्या जागी पाय आपटू लागला.

"काय चाललंय काय हे?" सावंत म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं.

भावाचा चांगला हात चादरीबाहेर आला. तोंड वाकडं झालेलं, शब्द अडखळत होते, तरी ऐकू आले. "अगो, पाणी हाड. पालखी इली."

वहिनी तांब्या घेऊन धावत आली. पालखीच्या माणसांचे पाय धुतात तसं तिने वाकून धुरीच्या चकचकीत बुटांवर, त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाणी घातलं. धुरी वाजवतच होता. गालांवरून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हातांत काठ्या, पुसणार कसं? वहिनीने तांब्या खाली ठेवला आणि पदराने त्याचे डोळे पुसले. मलाही रडू आवरलं नाही.

शिंदेची काठी अजून वरच होती. पुढे चला म्हणायला त्याने बराच वेळ लावला.