भास्करकाकांचा लोटा

आमच्या शेजारच्या भास्करकाकांच्या मोटारसायकलवर मागच्या सीटवर भाताचं एक पोतं बसतं. बसतं म्हणजे अगदी माणसासारखं बसतं. पाठ टेकायला लोखंडी टेकू, पडू नये म्हणून शिंप्याकडून शिवून घेतलेले दोन रुंद पट्टे, आणि डोक्यावर एका गोल कडीत बसवलेला तांब्याचा लोटा. लोट्यात काठोकाठ पाणी. दर रविवारी सकाळी ही जोडी गंजाडहून निघते, चारोटीला हायवेला लागते आणि तलासरीच्या पुढे डोंगरात जाते. दुपारी परत येते. गाडी उभी केली की काका हेल्मेटसुद्धा न काढता लोट्यात बोटं घालतात आणि पाणी काठापासून किती खाली गेलं ते मोजतात.

"साडेतीन बोटं," असं म्हणून ते वहीत लिहितात आणि तोंड पाडून घरात जातात.

काका मोजणी खात्यात होते. उभा जन्म लोकांच्या शेतात साखळी धरून गेला. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून डोकं फिरलं असेल, असं गावाचं मत होतं. माझंही तेच होतं. पण गाव मोठं लबाड. तोंडावर हसायचं आणि गरज पडली की त्यांच्याच ओट्यावर जायचं. कोणाच्या पोटुशी सुनेला डहाणूला न्यायची असली, कोणाला अंडी घेऊन जायची असली, की विचारा काकांना. "मोठ्या मोरीवरून नको, तिथे दोन बोटं जातात. शाळेमागून जा, अर्ध्या बोटात काम होईल." सगळ्या तालुक्याचे रस्ते त्यांना बोटांत पाठ.

"पाणी हललं का?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न. मी कोसबाडला शाळेत शिकवतो. संध्याकाळी बसमधून उतरलो की काका कुंपणावरून विचारणार, "काय मास्तर, पाणी हललं का?" पुतण्याच्या लग्नात सगळे जेवणाची स्तुती करत होते, तेव्हा यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन वरातीच्या जीपबद्दल हेच विचारलं होतं.

लिफ्ट मागायची तर सोय नाही. एकदा बस चुकली म्हणून मी पट्टे सोडायला लागलो, तर काका धावत आले. "हात लावू नको! सीट सेट आहे."

"काका, पोत्याला नेता आणि मला नाही?"

"तुझं वजन किती?"

"शहाऐंशी."

"मग ट्रकला हात दाखव," असं म्हणून त्यांनी पट्टे पुन्हा आवळले.

ही गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली. इंजिन तेच, टाकी तीच, टाकीवरचा पोचाही तोच. पण चाकं आणि धक्के गिळणारे शॉकअप दोन वर्षांत तीनदा बदलले. पहिले घातले ते फार कडक निघाले, दुसरे फार मऊ. तलासरीच्या गुजराती रमणभाई मिस्त्रीने शेवटी एका नव्या गाडीचे पुढचे जाडजूड शॉकअप आणले, ते जुन्या मानेत बसेनात म्हणून लेथवर बुश कातून घेतले, मागे गॅसच्या नळ्यावाले लावले, आणि तारांची चाकं काढून रुंद टायरची अलॉय चाकं चढवली. सगळं झाल्यावर त्याने लांबून बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"काका, धड आजोबाचं ने पाय नातवाचे. हे चालशे कसं?"

"चालायचं नाहीये रमणभाई," काका म्हणाले, "तरंगायचंय."

जुनी चाकं त्यांनी अंगणाच्या भिंतीला टांगली. पावसाळ्यात त्यांच्या तारांवर दोडक्याचा वेल चढला. दुपारच्या उन्हात पिवळी फुलं वाऱ्यावर हलायची, आणि चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटायचं. त्या चाकाखाली काका गाडी स्टँडवरून काढून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, डोळे मिटून बसायचे. हळूच खाली दबायचे, हळूच वर यायचे. पुन्हा खाली, पुन्हा वर. पलीकडच्या वाडीत चिकूवर मधमाश्या गुणगुणत असायच्या. बघता बघता मलाही डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा काका अजून वर-खाली होत असायचे, आणि चेहऱ्यावरून ते नक्की आमच्या गंजाडात नसायचे.

सुमनकाकू ओट्यावरच्या खाटेवरून हे सगळं बघायच्या. दोन वर्षांपूर्वी धुण्याच्या दगडावर पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. तो जुळला, पण डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, आता धक्का बसता कामा नये. तेव्हापासून खाट, काठी आणि जीभ, एवढ्यावर त्यांचा संसार. जीभ मात्र शाबूत होती. रविवारी गाडी आली की त्या मला हाक मारायच्या, "या मास्तर, बघा, माझी सवत फिरून आली. मला कधी असे पट्टे शिवले नाहीत हो!"

काका वहीत बोटं लिहायचे.

त्यांनी एक पण मात्र उघड केला होता. तलासरीच्या पुढे डोंगरात त्यांच्या सासुरवाडीचा पाडा आहे. तिथपर्यंत जायचं आणि लोट्यातलं पाणी एका बोटाच्या वर हलू द्यायचं नाही. तेही यंदाचं नवं शिजायच्या आत. काकूंच्या माहेरी नवा तांदूळ पहिल्यांदा चुलीवर चढतो, तेव्हा त्यात पाणी घालायचं ते घरच्या लेकीने, अशी त्या घराची रीत. लेक एकच. तिला दोन वर्षं जाता आलं नव्हतं. भावाने दोन्ही वर्षी न शिजवता नव्या तांदळाची पुरचुंडी पाठवली, आणि काकूंनी ती न शिजवता डब्यात ठेवली. मी विचारलं, "काका, काकूंना जाता येत नाही, मग तुमचा लोटा जाऊन काय करणार?" तर म्हणाले, "मास्तर, तू भूगोल शिकव."

भाद्रपद संपता संपता अडीच बोटं झाली. दसऱ्याच्या सुमारास पावणेदोन. काका हवेत होते. शेतं पिवळी पडायला लागली होती, आणि सकाळी धुक्यातून ती गाडी निघाली की पोतं, लोटा आणि काका तिघेही जमिनीला न लागता जाताहेत असं मला वाटायचं.

आणि मी घोळ घातला.

झालं असं, की मला ते पोतं खांद्यात उतरलेलं दिसलं. गेल्या वर्षी कसं टम्म होतं, आता तोंडाशी चुण्या. पडवीत उंदीर आहेतच. मला वाटलं, उंदरांनी भात खाल्लंय आणि म्हाताऱ्याचा हिशोब चुकतोय. शिक्षकी स्वभाव वाईट. काका दुकानात गेले होते तेवढ्यात मी घरातून दोन सुपं भात आणलं, पोत्यात ओतलं, तोंड पुन्हा शिवलं आणि उगाच पुण्य केल्यासारखा घरी जाऊन चहा प्यालो.

त्या रविवारी काका परत आले ते तीन बोटांवर. चेहरा पांढरा. सोमवारी त्यांनी मागचे शॉकअप उतरवले, मंगळवारी पुढचे. तेल बदललं, बुश तपासले, हवा तीनदा मोजली. शॉकअपखाली वजनाप्रमाणे फिरवायच्या पाच खाचा असतात. त्या ते फिरवत बसले, दुसरीवरून तिसरीवर, तिसरीवरून दुसरीवर. जेवायला उठेनात. गुरुवारी शाळेतून आलो, तर काका चिकूच्या क्रेट मोजायचा सपाट काटा मांडून पोत्यासमोर उकिडवे बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "हे त्रेचाळीस कसं?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. उंदीर, दोन सुपं, सगळं. वाटलं, शिव्या देतील. मी तयारच होतो.

काका पोत्याची शिवण उसवायला लागले. मापट्याने भात काढायचे, काटा बघायचे, पुन्हा काढायचे. काटा अडतीसवर आला तेव्हा थांबले.

"उंदीर नाही रे," ते हळू म्हणाले. "मीच काढतो. दर शनिवारी तिला या काट्यावर उभी करतो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. ती उतरतेय. खुबा मोडला तेव्हा सेहेचाळीस होती. मग चव्वेचाळीस, मग एक्केचाळीस. ती जेवढी, तेवढंच पोतं. नाहीतर सीट सेट कशी होणार?"

ओट्यावरून काकूंच्या जपमाळेचा टकटक आवाज येत होता.

"जीप का नाही करत?" मी कसंबसं विचारलं.

"जीप ओढ्यापर्यंत जाते. पुढे बांधावरून पायवाट. मेहुणा म्हणाला, झोळी करून उचलून नेऊ. तर ही म्हणाली, उचलून न्यायचं ते एकदाच. माहेरी मी बसून जाईन, नाहीतर जायची नाही."

"मग काकूंना सांगितलंत का, हे सगळं कशासाठी चाललंय ते?"

"आधी सांगितलं आणि पाणी सांडलं, तर?" त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "ती वाट बघत बसेल. वाट बघण्यात माणूस आणखी उतरतं."

मी पाच किलो भात उचलून घरी आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उंदरांचा हेवा वाटला. निदान त्यांनी काही बिघडवलं नव्हतं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

काकांनी खाच पुन्हा दुसरीवर आणली. पुढच्या रविवारी एक बोट. त्याच्या पुढच्या रविवारी लोट्यात बोट घालून ते इतका वेळ उभे राहिले, की मीच कुंपण ओलांडून गेलो. पाणी नखभर खाली होतं. नखभरच.

सात दिवसांनी पाड्यावर नवं होतं. त्या सकाळी मी पोचलो तेव्हा सुमनकाकू हिरव्या लुगड्यात खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर दोन वर्षांच्या पुरचुंड्यांचा डबा. गाडीकडे बघून म्हणाल्या, "आज सवत कुठे गेली?"

"सवतीला सुट्टी," काका म्हणाले.

काकूंनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, टेकूकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं. मग काकांकडे. त्यांची ती तिखट जीभ कुठे गेली कोण जाणे. "वेड्या माणसा," एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केला.

आम्ही दोघांनी त्यांना बसवलं. पट्टे तंतोतंत बसले. मी लोटा पुढे केला, तर काकांनी मान हलवली. "आज नको. आज तीच सांगेल." काठी माझ्या हातात राहिली आणि गाडी धुक्यात गेली.

दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. कापलेल्या भाताचा वास सगळीकडे होता. ऊन कललं, चिकूच्या सावल्या रस्ताभर पसरल्या, आणि चारोटीच्या बाजूने ते ओळखीचं जुनं इंजिन ऐकू आलं.

मी धावत जाऊन त्यांचं फाटक उघडलं. गाडी सायकलच्या वेगाने येत होती. काकूंच्या मांडीवर डबा नव्हता. कपाळाला कुंकवाचा मोठा टिळा आणि केसांत झेंडूचं फूल होतं. गाल काकांच्या पाठीवर टेकलेला, ओठ थोडेसे उघडे. पट्ट्यांत, एवढ्या खडबडीत रस्त्यावर, सुमनकाकू गाढ झोपल्या होत्या.

मी "पाणी हललं का?" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. काकांनी हँडलवरचा एक हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळे भरलेले होते. मग ते बोट त्यांनी पुढे, रस्त्याकडे दाखवलं.

फाटकाशी गाडी थांबली नाही. काठी हातात धरून मी बघत राहिलो, आणि काका तिला तशीच झोपलेली घेऊन घरावरून पुढे, डहाणूच्या समुद्राकडे निघून गेले.